घुमाऱ्याची जागा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या भागात हवेचा वास बदलतो. उसाच्या पाचटाचा कोरडा, जरा गोडसर वास आणि त्यात मिसळलेला कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प. नवख्या माणसाला तो नकोसा होतो. ज्यांचं तरुणपण प्रवरेच्या काठी गेलं, त्यांना मात्र त्या वासानं भूक लागते. आता मी नगर शहरात मुलाकडे राहतो. शहराचं नाव बदललं, माझ्या जिभेवरचं अजून बदललेलं नाही. इथं तिसऱ्या मजल्यावर ना पाचट पोचतं ना मळी. पण परवा माझी नात कामावरून श्रीरामपूरकडून आली, मी खाली फाटकाशीच उभा होतो, तिनं गाडीचं दार उघडलं आणि तो वास माझ्या अंगावर आला.

"हंगाम सुरू झाला वाटतं," मी म्हणालो.

"आजोबा, उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास अडकले होते मी. आणि तुम्हाला कौतुक!"

कौतुक आहे खरं. गळीत हंगाम आम्हाला कानाच्या आधी पायांना कळायचा. कोल्हारला, नगर-मनमाड रस्त्याला लागून, माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, एक बाकडं आणि पोटं उघडून ठेवलेले आठ-दहा रेडिओ. सकाळी समोरून उसाच्या बैलगाड्या जायला लागत. लाकडी चाकं, त्यांना लोखंडी धावा. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबून येई, पण त्याच्याही आधी बाकड्यावरच्या पितळी पेल्यातलं पाणी थरथरे. पाण्यावर बारीक गोल रेषा उठत. हातातलं काम थांबवून मी त्या रेषांकडे बघत बसायचो. पुढे सगळा जन्म आवाजाच्या धंद्यात गेला, पण त्या पेल्यानं शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नाही. एक आवाज कानात शिरतो, दुसरा अंगात. कानातला कुठूनही येतो. अंगातल्याला जागा नेमकी लागते.

नातीला गाडीत तो दुसरा आवाज हवा होता. हल्ली त्याला सबवूफर म्हणतात. सावेडीतल्या एका दुकानात ती मला हौसेनं घेऊन गेली. "तुम्ही या क्षेत्रातले जुने जाणकार," असं म्हणाली, तेव्हा मीही जरा फुगलोच. दुकानातल्या कारागिरानं विचारलं, "ताई, डिकीत टाकायचा का सीटखाली?" तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत त्या माणसानं ती काळी पेटी उचलली आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून दिली, एखादा पाहुणा बसवावा तशी. गाणं सुरू केलं. मग स्वतः गुडघ्यांवर बसून डिकीत डोकं घातलं, सीटांच्या मध्ये घातलं, कोपऱ्या-कोपऱ्यात कान लावत हिंडू लागला.

"हे काय करताय?" नातीनं विचारलं.

"लय सोपं हाय ताई. आपण जिथं बसतो तिथं पेटी ठेवायची आन जिथं पेटी ठेवायची तिथं आपला कान न्यायचा. जिथं आवाज भरून येतो ती पेटीची जागा. मोबाईलवर बघितलंय मी."

नात एकदम माझ्याकडे वळली. "आजोबा! ही तर तुमची आयडिया! बाबा नेहमी सांगतात ना, तुम्ही कोल्हारला त्या डॉक्टरांच्या गाडीत असंच शोधून काढलं होतं!"

कारागीर डिकीतून डोकं काढून माझ्याकडे आदरानं बघू लागला. दुकानाच्या मालकानं खुर्ची पुढे केली. चहा आला. पन्नास वर्षांहून जास्त काळ मी ही गोष्ट सांगत आलो. आधी गिऱ्हाइकांना, मग बायकोला, मुलाला. त्या दिवशी पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या तोंडून, परक्या दुकानात, इतक्या उजेडात ऐकली. आणि ती खोटी आहे.

खरी गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या एका हंगामातली आहे. माझ्या दुकानाशेजारी योहान मिस्त्रीचा सुतारकामाचा मांडव होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, सडपातळ, केसांत सदा भुसा. बैलगाड्यांची चाकं, दाराच्या चौकटी, शाळेची बाकं, जे येईल ते करायचा. माझ्या रेडिओंच्या खोक्यांची मोडकी लाकडं तोच सांधायचा. त्याची एक सवय होती. काम झालं की लाकडाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. खडबड लागली तर पुन्हा घासायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "आरं मिस्त्री, गोठ्याचं फाटक हाय ह्ये. म्हशी काय कडा बघणारेत व्हय?" योहान म्हणायचा, "म्हशीला दिसंल न्हाई तर. पर मला दिसंल."

गावात एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे काळी, फुगीर पाठीची जुनी विलायती मोटार होती. तिच्यातून ते वाड्यावस्त्यांवर रुग्ण तपासायला जायचे आणि शेजारच्या सीटवर नेहमी त्यांचे वडील बसलेले असायचे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णांनी उभा जन्म देवळातल्या भजनात पखवाज वाजवला. म्हातारपणी त्यांचे कान गेले. माणसाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचेना. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी बोलणंही सोडलं. घरी एकटं ठेववेना, म्हणून डॉक्टर त्यांना बरोबर घेऊन फिरायचे. पण मी एक गोष्ट बघितली होती. मोटार माझ्या दुकानासमोर उभी असली आणि उसाची गाडी शेजारून गेली की अण्णांची मान वर व्हायची. जाडा, खालचा आवाज त्यांच्यापर्यंत अजून जात होता.

डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. अण्णांचे हात चालत होते त्या काळात त्यांनी देवळातलं एक भजन टेपवर घेऊन ठेवलं होतं. आता परदेशातून आलेल्या नातेवाइकानं कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणि परातीएवढा एक स्पीकर आणून दिला. तो घेऊन डॉक्टर माझ्याकडे आले.

"वसंता, गाडीतल्या छोट्या स्पीकरवर नुसते टाळ वाजतात रे. पखवाज कुठेच नाही. अण्णांना एकदा त्यांचा स्वतःचा हात ऐकवायचा आहे. हा कुठे बसवायचा ते तू बघ."

लाकडाचं काम लागणार म्हणून मी योहानला बोलावलं. त्याचे डोळे चमकले, त्याला कारण होतं. डॉक्टर तेव्हा नवा दवाखाना बांधत होते. दारं, खिडक्या, औषधांची कपाटं, सगळं व्हायचं होतं. योहाननं एका फळकुटावर पेन्सिलीनं त्या कपाटाचं चित्र काढून ठेवलं होतं, लहान लहान खणांचं. डॉक्टर त्याला म्हणाले, "आधी गाडीचं काम बघू तुझं. मग दवाखान्याचं बोलू." योहानचं नुकतंच लग्न झालं होतं. आयुष्यातलं पहिलं मोठं काम त्याच्यासमोर होतं आणि ते त्या मोटारीवर अवलंबून होतं. हे मला पूर्ण माहीत होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

योहान म्हणाला, "याला पेटी पायजे. चारी बाजूंनी बंद. म्या श्रीरामपूरहून चांगला प्लायवूड आनतो. तवर कायबी करू नको."

मला थांबवेना. मी रेडिओवाला. रेडिओत काय असतं? समोरच्या फळीला गोल भोक आणि त्यामागे स्पीकर. मोटारीतही तेच करू, असं माझं डोकं चाललं. मागच्या सीटच्या पाठीमागे काचेखाली एक लाकडी फळी होती, शिसवी रंगाची, आरशासारखं पॉलिश. योहान श्रीरामपूरला गेला त्याच दुपारी मी त्या फळीवर गोल आखला, कडेकडेनं गिरमिटानं भोकं पाडली आणि मधला तुकडा छिन्नीनं ठोकून पाडला. कड अशी झाली, जशी उंदरानं भाकरी कुरतडावी. स्पीकर लावला. डॉक्टर अण्णांना घेऊन आले. टेप लावली. सगळी फळी फरफरायला लागली, फाटक्या ढोलासारखी. पुढच्या सीटवर अण्णा खिडकीबाहेर बघत बसून राहिले. त्यांच्यापर्यंत काही म्हणता काही पोचलं नाही.

डॉक्टर मागे आले. त्यांनी स्पीकर उचलून खालची कड बघितली. त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे कुणी केलं?"

मी चोवीस वर्षांचा होतो. माझं वय मी सबब म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. मी म्हणालो, "लाकडाचं काम योहानकडं असतं, डॉक्टर."

वाक्य बघा कसं आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही. नंतर कितीतरी वर्षं मी त्याच आधारावर झोपलो.

"त्या सुताराला पुन्हा माझ्या गाडीला हात लावू देऊ नकोस," डॉक्टर म्हणाले आणि मोटार माझ्याकडे सोडून अण्णांना घेऊन चालत गेले.

दुसऱ्या दिवशी योहान डोक्यावर प्लायवूड घेऊन एसटीतून उतरला. भोक बघून उभाच राहिला.

"कुनी कापलं ह्ये?"

"मीच."

"एक दिस थांबता आलं न्हाई व्हय तुला?" त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि झटकन मागे घेतला. "कड तरी घासायची रं."

डॉक्टर काय म्हणाले ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानं आधी फळी दुरुस्त केली. तसल्याच रंगाच्या लाकडाचा गोल तुकडा बसवला, लांबून कळणार नाही असा. मग पेटी केली. आतून गोणपाट लावलं, सांध्यांत सरस भरला. पेटी झाली, पण ठेवायची कुठे? डिकीत ठेवली तर घुमारा, म्हणजे तो जाडा घुमणारा आवाज, डिकीतच राहायचा. मागच्या सीटवर ठेवली तर मागेच बसून राहायचा. अण्णांची जागा पुढे, डाव्या हाताला. दोन दिवस आम्ही ती जड पेटी उचलून इकडची तिकडे केली. दर वेळी योहान अण्णांच्या सीटवर जाऊन बसायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा.

तिसऱ्या दिवशी पाठ धरून तो खाली बसला. मग एकाएकी म्हणाला, "वसंता, उलटं करू."

"म्हंजी?"

"ल्हानपनी आमी चर्चमधी पार मागं कोपऱ्यात बसायचो, दंगा कराय बरं म्हनून. पाळकसायेब तिकडं वेदीपाशी तोंडातल्या तोंडात बोलायचे, त्ये मला कोपऱ्यात सगळं ऐकू यायचं. एक दिस म्या त्यांची नक्कल केली, हळूच. तर उपासना संपल्यावर सायबांनी कान पिरगाळला. जिथून त्यांचं मला ऐकू यायचं, तिथनं माझं त्यांनाबी जायचं! मार खाऊन शिकलोय म्या ह्ये. ठिव ती पेटी अण्णांच्या सीटवर. आपुन हिंडू."

पेटी अण्णांच्या जागेवर बसली. टेप सुरू झाली. योहान गुडघ्यांवर, हातांवर, मोटारीत रांगू लागला. डिकीत कान, सीटखाली कान, दारापाशी कान. कान पुरेना तिथं तळहात टेकवायचा. रस्त्यानं उसाची गाडी चालली होती. गाडीवान ओरडला, "ओ मिस्त्री, अंडी घालता का काय मोटारीत?"

"अंडी न्हाई," योहान आतून ओरडला, "पखवाज हरवलाय! सापडला की हाळी देतो!"

ड्रायव्हरच्या सीटमागे, उजव्या कोपऱ्यात, अगदी जमिनीलगत तो थांबला. हलेचना. मग त्यानं न बघता माझा हात ओढून तिथं पत्र्यावर ठेवला. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, तिथला तो खोल, गोल आवाज माझ्या तळहातात आला. पेल्यातलं पाणी आठवलं.

पेटी त्या कोपऱ्यात ठेवली, स्पीकरचं तोंड बाजूच्या पत्र्याकडे, मध्ये चार बोटं जागा. आम्ही दोघं पाळीपाळीनं अण्णांच्या सीटवर बसलो. योहाननं छातीच्या मधोमध बोट लावलं. "हितं येतंय. बरुबर हितं."

संध्याकाळी डॉक्टर यायचे होते. योहान घरी जाऊन धुतलेला सदरा घालून आला. मी त्याला म्हणालो, "तू जा आता. डॉक्टर घाईत असतात. मी दाखवतो."

"अण्णांचं तोंड बघायचंय मला."

"उद्या बघ."

तो गेला. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त जे टोचतं ते फळीचं भोक नाही, हे आहे. तो धुतलेल्या सदऱ्यात परत गेला.

डॉक्टर आले, अण्णा आपल्या सीटवर बसले. मी टेप लावली. पहिल्यांदा टाळ, त्याचं अण्णांना काही नाही. मग पखवाज सुरू झाला. अण्णांची मान वर झाली. त्यांनी बाहेर बघितलं, उसाची गाडी आली का म्हणून. रस्ता मोकळा होता. मग त्यांचा डावा हात मांडीवर पडू लागला, टेपमधल्या हाताबरोबर, एका मात्रेचंही अंतर नाही. भजन संपलं. कित्येक महिने न बोललेले अण्णा मोठ्यानं, जरा चिडूनच बोलले, "कणीक कमी पडली होती त्या दिवशी!"

डॉक्टर हसले आणि रडले, दोन्ही एकदम. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "ही जागा शोधायला डोकं कुणाचं रे?"

खरं उत्तर द्यायचं तर योहाननं गाडीला हात लावला हे सांगावं लागलं असतं. ते सांगायचं तर आधीचं वाक्य मागे घ्यावं लागलं असतं. मी म्हणालो, "माझंच, डॉक्टर."

दवाखान्याचं लाकूडकाम बाहेरगावच्या सुताराला गेलं. योहान मला विचारत राहिला, "डॉक्टर मला बघून तोंड फिरवत्यात. काय झालं रं?" मी म्हणायचो, "मोठ्या माणसांचं काय सांगावं." शेवटी डॉक्टरांच्या कंपाउंडरनं त्याला भर रस्त्यात विचारलं, "तूच ना रे फळी कुरतडणारा?" त्या दिवशी योहान माझ्या दुकानात आला. भांडला नाही. बाकड्यावर त्याचा एक पेचकस पडलेला होता तो उचलला, खिशात घातला आणि गेला. पुढच्या वर्षी मी दुकान श्रीरामपूरला हलवलं. माझं नाव माझ्या आधी तिथं पोचलं होतं. संगमनेर-नेवाशाचे लोक मोटारी घेऊन यायचे, आवाज बसवून द्या म्हणून. मी प्रत्येक मोटारीत पेटी मालकाच्या सीटवर ठेवायचो आणि रांगायचो. मी आजवर कमावलं ते त्या रांगण्यावर.

सावेडीच्या दुकानातून घरी आल्यावर मी नातीला हे सगळं सांगितलं. मला वाटलं, तिच्या नजरेतून मी उतरेन. थोडा उतरलोही असेन. पण तिनं एवढंच विचारलं, "ते आहेत अजून?"

"आहेत असं ऐकून आहे."

"मग उद्या सुट्टी आहे माझी."

रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर होते आणि मला त्यांचा राग येत नव्हता, कारण प्रत्येक ट्रॅक्टर माझी वेळ थोडी पुढे ढकलत होता. कोल्हारला योहानच्या मांडवाच्या जागी आता पक्की शेड आहे, यंत्रं आहेत. ती त्याची मुलगी रूथ चालवते. योहान दाराशी खुर्ची टाकून उन्हाला बसला होता. जाड काचांचा चष्मा, केस सगळे पांढरे. त्यामुळे भुसा आहे की नाही ते कळत नव्हतं.

"कोन हाय?"

"वसंता."

"कंचा? रेडिओवाला?"

"व्हय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मेला न्हाईस अजून?"

"न्हाई."

"बस मग."

मी बसलो आणि सगळं बोललो. भोक, वाक्य, सदरा, सगळं. तो काठीनं मातीत रेघा ओढत ऐकत होता. मी संपवल्यावर म्हणाला, "ह्ये मला कशाला सांगतो? म्या फळी कापली न्हाई ह्ये मला पयल्यापासनं ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग."

इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्याचीच माफी मागत होतो. त्याला माझ्या माफीची गरजच नव्हती.

"दवाखान्याचं काम गेलं," तो पुढे म्हणाला, "त्याचं वाईट वाटलं. मग दुसरी कामं आली, ग्येलं त्ये. पर लोकं मला कुरतड्या मिस्त्री म्हनाय लागली. बाजारात, येशीपाशी. माझ्या हातची कड तसली आसंल व्हय रं? तूच सांग."

"नाही."

"मग सांग की समद्यांना. आन लिहून काढ. तुला लिवता येतंय चांगलं."

"डॉक्टर तर गेले."

"त्यांची पोरगी हाय."

ती पोरगी आता साठीला आलेली. तोच दवाखाना चालवते. गाव तिला डॉक्टरताई म्हणतं. रूथनं फोन लावला. रविवार होता, योहान-रूथची चर्चची उपासना आटोपलेली, दवाखाना बंद. ताई अर्ध्या तासात आल्या.

"वसंतकाका!" त्या मला बघून आनंदल्या. "बाबा नेहमी सांगायचे, एका सुतारानं फळीची वाट लावली आणि तुम्ही गाडी वाचवलीत." मग योहान तिथेच बसलाय हे लक्षात येऊन त्या ओशाळल्या.

मी उभा राहिलो. बसून बोलवेना. "ताई, फळी मी कापली. योहान त्या दिवशी गावातही नव्हता. वाट मी लावली आणि नाव त्याचं पुढे केलं. ती फळी दुरुस्त त्यानं केली. पेटी त्यानं केली. पेटीची जागाही त्यानं शोधली. तुमच्या वडिलांना मी दोनदा खोटं सांगितलं."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी खाली बघितलं नाही, एवढंच मला करता आलं. मग त्या योहानकडे वळल्या.

"आमचे अण्णा आजोबा चार वर्षं जगले त्यानंतर. रोज त्या सीटवर बसायचे. शेवटी शेवटी गाडी बंद पडली तरी अंगणात उभ्या गाडीत बसून ऐकायचे. जेवायलाही आम्ही तिथंच नेऊन द्यायचो. ते तुमच्यामुळे होतं, काका?"

योहान काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत होता. "काय म्हनले व्हते त्ये? पयल्यांदा ऐकलं तवा? मला कुनी सांगितलंच न्हाई."

हे माझंच काम होतं. मी सांगितलं. मान कशी वर झाली, रस्त्याकडे कसं बघितलं, हात मांडीवर कसा पडला. आणि मग, "म्हणाले, कणीक कमी पडली होती त्या दिवशी."

योहान हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला. रूथ पाणी घेऊन धावली. "आसंच म्हननार!" तो डोळे पुसत म्हणाला. "कारागीर मानूस! दुसरं काय म्हननार?"

ताईही हसल्या. मग म्हणाल्या, "काका, तुमचं काम त्या वेळी बाबांनी काढून घेतलं. ते मला आता परत कसं देता येईल, मला कळत नाही."

"त्ये औषधाचं कपाट हाय का अजून? भिंतीतलं?"

"आहे. तेच आहे."

"त्याचं खालचं दार लागतंय का?"

ताईंनी चमकून बघितलं. "नाही. कधीच लागलं नाही. आम्ही कागदाची घडी घालून ठेवतो. तुम्हाला कसं माहीत?"

"मला ताप आला की म्या तितंच यायचो न्हाई का? सलाईन लावून पडलो की समोर त्येच दार. पन्नास वरसं बघतोय. बिजागरी वरच्या अंगाला बसवलीय मुडद्यानं." तो काठी टेकून उभा राहिला. "रूथ, माझा रंधा दे. बारका. चला ताई."

"बाबा, आज रविवार हाय," रूथ म्हणाली.

"देवानंबी बघितलंय त्ये दार. काई म्हनायचा न्हाई."

आम्ही पाचही जण नातीच्या गाडीतून दवाखान्यात गेलो. योहान पुढे, डाव्या हाताला बसला. दवाखान्याच्या बंद खोलीत फिनेलचा वास होता, खिडकीतून ऊन आत येत होतं, पण कपाटाच्या तळाशी अंधार होता. योहान रूथचा हात धरून हळूहळू गुडघ्यांवर बसला. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण बसल्यावर हात एकदम तरुण झाले. त्यानं कागदाची घडी काढून मागे टाकली, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, तळहात टेकवून कुठे अडतंय ते बघितलं. ते जुनं दार जड होतं, खाली झुकत होतं. मला राहवेना. मी पुढे होऊन ते धरायला गेलो.

"ए," योहान मागे न बघता म्हणाला, "तू लाकडाला हात लावू नको."

ताई तोंडावर हात ठेवून हसल्या.

"मग काय करू?"

"मोबाईल हाय ना तुझ्याकडं? त्याची बॅटरी लाव आन हितं कोपऱ्यात धर. नीट धर. हलवू नको."

मी बॅटरी लावली आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून उजेड धरला.